केळी न पिकवणाऱ्या देशाचं केळ्यांवरून भांडण : अमेरिकेतले देणगीदार आणि परराष्ट्र धोरण

तिरकी रेघ (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "अमेरिकेचं परराष्ट्र धोरण चार अब्जाधीश ठरवतात, बाकी सगळा तमाशा." त्यावर "पुरावा द्या", "आधी तुम्ही द्या" असं दोन पानं चाललं आणि धागा नेहमीसारखा भलतीकडे गेला. म्हणून हा वेगळा.

चार अब्जाधीशांचा सिद्धांत मला पटत नाही, त्यात विचार करायचा आळस आहे. पण प्रत्यक्षात जे घडतं तेही कमी चक्रावणारं नाही. माझा आवडता किस्सा केळ्यांचा.

युरोपीय संघाने १९९३ मध्ये केळ्यांच्या आयातीचे नियम असे बसवले की कॅरिबियन आणि आफ्रिकेतल्या जुन्या वसाहतींच्या केळ्यांना झुकतं माप मिळावं. मार बसला तो लॅटिन अमेरिकेत मळे असलेल्या कंपन्यांना. त्यातली एक सिनसिनाटीची चिकिटा, आणि तिचा सर्वेसर्वा कार्ल लिंडनर. आता अमेरिकेत केळी पिकतात किती? हवाईत थोडीफार. चिकिटाचे मळे होंडुरास-पनामाकडे, मजूरही तिथलेच. म्हणजे अमेरिकी कामगारांच्या नोकऱ्या वाचवायच्या होत्या असंही नाही. तरी क्लिंटन सरकारने हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेत नेला, जिंकला, आणि १९९९ मध्ये १९ कोटी १४ लाख डॉलरच्या युरोपीय मालावर १०० टक्के आयातशुल्क लावलं. माल कुठला, तर हँडबॅगा, चादरी असला. सुरुवातीच्या यादीत स्कॉटलंडचे कॅश्मीर स्वेटरही होते. त्या विणकरांचा केळ्यांशी संबंध काय, हे त्यांनाही कळेना.

लिंडनर मुळात रिपब्लिकन पक्षाचा मोठा देणगीदार. पण १९९६ मध्ये प्रकरण व्यापार संघटनेत गेल्यावर त्याच्याकडून आणि त्याच्या माणसांकडून डेमोक्रॅटिक पक्षाच्या निरनिराळ्या राज्यशाखांना मिळून पाच लाख डॉलरच्या वर रक्कम गेल्याच्या बातम्या आल्या. थेट क्लिंटनच्या खात्यात नव्हे, राज्यशाखांना. सगळं कायदेशीर.

नियम थोडक्यात (माहीत असेल त्यांनी पुढे सरका). २०२४ साली एक माणूस एका उमेदवाराला एका निवडणुकीत जास्तीत जास्त ३,३०० डॉलर देऊ शकत होता. हे झालं पुढचं दार. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिटिझन्स युनायटेड खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की कंपन्या-संघटनांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावर बंदी घालता येणार नाही. दोनच महिन्यांनी स्पीचनाउ खटल्यात खालच्या कोर्टाने त्याच धाग्यावर पुढची गाठ मारली आणि सुपर पॅक, म्हणजे प्रचारासाठी पैसा गोळा करून खर्च करणाऱ्या स्वतंत्र समित्या, जन्माला आले. उमेदवाराशी संगनमत करायचं नाही, एवढीच अट. घ्यायच्या आणि उधळायच्या रकमेला मर्यादा नाही. हे मागचं दार, आणि ते पुढच्या दारापेक्षा शंभरपट रुंद आहे.

तर प्रश्न असा : पैसा नेमकं काय विकत घेतो? निर्णय? माणूस? की नुसतं रांग मोडून आत जाणं?

अर्धा चहा

पहिला नंबर. सावकाश वाचतो.

जुना खेळाडू

किस्सा छान, पण एका केळ्यावर अख्खा मळा उभा करू नका.

पैशाने सगळं होत असतं तर २०१६ मध्ये जेब बुश राष्ट्राध्यक्ष झाले असते. त्यांच्या सुपर पॅकने दहा कोटी डॉलरच्या वर गोळा केले होते. फेब्रुवारीत साउथ कॅरोलिनानंतर गाशा गुंडाळला. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या खिशातले जवळपास १०० कोटी डॉलर ओतले. जिंकलं काय, तर अमेरिकन सामोआ. तिथून राष्ट्राध्यक्षपदाच्या मुख्य निवडणुकीला मतदानही होत नाही.

अर्थशास्त्रात एक जुना प्रश्न आहे, गॉर्डन टलक यांचा : राजकारणात इतका *कमी* पैसा का आहे? सरकारच्या हातात लाखो कोटींचे निर्णय, आणि देणग्या त्या मानाने चिल्लर. निर्णय खरोखर विकत मिळत असते तर कंपन्यांनी याच्या पन्नासपट पैसा ओतला असता.

शेवंती

खेळाडूकाका, जेबचं उदाहरण नेहमीच येतं. पण तुम्ही निवडणूक *जिंकण्याबद्दल* बोलताय, धागा निवडणुकीनंतर काय होतं त्याबद्दल आहे. घोडा हरला तरी तबेला कुणाचा हा प्रश्न उरतोच.

शेल्डन एडेल्सन बघा. लास वेगास आणि मकावमधल्या कॅसिनोंचे मालक. २०१२ मध्ये त्यांनी आणि पत्नी मिरियम यांनी राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन इच्छुक न्यूट गिंगरिच यांच्या बाजूच्या सुपर पॅकला दीड कोटी डॉलरहून जास्त दिले. गिंगरिच हरले. मग पक्षाचे उमेदवार झालेल्या रॉम्नींच्या बाजूला दिले, तेही हरले. त्या एका मोसमात ९ कोटी डॉलरच्या वर गेले, हाती शून्य. तुमच्या हिशेबाने हा माणूस मूर्ख ठरतो.

पण पुढे बघा. मार्च २०१४ मध्ये लास वेगासला रिपब्लिकन इच्छुकांची रीघ लागली होती. न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी भाषणात इस्रायलच्या ताब्यातल्या भागाला 'व्याप्त प्रदेश' म्हणून गेले. अमेरिकेचं सरकार कित्येक वर्षं कागदोपत्री वापरत आलेला शब्द! त्याच दिवशी क्रिस्टींनी एडेल्सनना भेटून माफी मागितल्याच्या बातम्या आल्या. मतदारांची नाही हं, एडेल्सनची. अजून कुणी उमेदवारीही जाहीर केली नव्हती.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रम्प यांनी ट्विट केलं होतं की एडेल्सनना आपला प्रतिस्पर्धी मार्को रुबिओमध्ये आपली छानशी कळसूत्री बाहुली दिसते. म्हणजे हा खेळ काय आहे ते ट्रम्पना चांगलं ठाऊक होतं. वर्षभरात एडेल्सन त्यांच्याच बाजूला आले, शपथविधी समितीला ५० लाख डॉलर दिले. ६ डिसेंबर २०१७ ला जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता. ८ मे २०१८ ला इराणच्या अणुकरारातून माघार. १४ मे २०१८ ला जेरुसलेमच्या दूतावासाचं उद्घाटन, पाहुण्यांत एडेल्सन दांपत्य. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिरियम यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. तारखा ओळीने लिहिल्या आहेत, अर्थ तुम्ही लावा.

बाराखडी

शेवंतीताई, तारखा ओळीने लावल्या की कशाचंही कारण काहीही दिसतं. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, तसं.

दूतावास हलवण्याचा कायदा १९९५ चा आहे. सिनेटमध्ये ९३ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झालेला. एडेल्सन तेव्हा राजकारणात कुणी खिजगणतीत नव्हते. क्लिंटन, बुश, ओबामा हे तिघे दर सहा महिन्यांनी सही करून अंमलबजावणी पुढे ढकलत राहिले, ट्रम्प यांनीही जून २०१७ मध्ये एकदा ढकलली. शिवाय रिपब्लिकन मतदारांतला केवढा तरी मोठा गट इव्हँजेलिकल ख्रिश्चनांचा, त्यांना हा निर्णय धर्माच्या कारणाने हवा होता. एडेल्सन नसते तरी हे झालं असतं.

आणि उलट उदाहरण देतो. २०१५ मध्ये ओबामांच्या इराण कराराविरुद्ध एपॅकने (इस्रायलच्या बाजूने लॉबिंग करणारी संघटना) वेगळी संस्था काढून कोट्यवधी डॉलरच्या जाहिराती केल्या. नेतान्याहू स्वतः काँग्रेससमोर भाषण करून गेले. तरी करार झाला. कुठे गेली पैशाची ताकद?

एक विनंती. या विषयावर बोलताना 'ज्यू लॉबी' असा सरसकट शब्द कुणी वापरू नये. अमेरिकेतले बहुसंख्य ज्यू मतदार डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात, आणि जे स्ट्रीट ही ज्यूंचीच संघटना त्या कराराच्या बाजूने उभी होती. आपण काही श्रीमंत माणसांबद्दल बोलतोय, समाजाबद्दल नाही.

शेवंती

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. पहिल्याशी अर्धी. 'दार आधीच किलकिलं होतं' हे मान्य. पण बावीस वर्षं ते किलकिलंच होतं ना? ढकलणारा कुणीतरी लागतो.

बाराखडी

ढकलणारे एक कोटी इव्हँजेलिकल असू शकतात की.

शेवंती

असू शकतात. त्यातल्या किती जणांकडे ट्रम्पचा फोन नंबर होता?

लिंबूटिंबू

चर्चा फारच गंभीर झाली. मी राजदूतांचे किस्से सांगतो.

अमेरिकेत साधारण तीस टक्के राजदूत राजकीय नेमणुकीचे असतात, म्हणजे परराष्ट्र सेवेतले नाहीत. त्यातले बरेच देणगीदार नाहीतर बंडलर. बंडलर म्हणजे स्वतः मर्यादेतच देणारा, पण ओळखीपाळखीच्या दोनशे जणांकडून धनादेश गोळा करून गठ्ठा पोचवणारा. १९८० च्या परराष्ट्र सेवा कायद्यात स्वच्छ लिहिलंय की निवडणुकीतली देणगी हा राजदूत नेमण्याचा निकष असू नये. लिहिलंय, बरं का.

२०१३ मध्ये ओबामांनी हॉटेल व्यावसायिक जॉर्ज ट्सुनिस यांना नॉर्वेसाठी निवडलं. सिनेटच्या सुनावणीत ट्सुनिस नॉर्वेच्या 'राष्ट्राध्यक्षां'बद्दल बोलले. नॉर्वेत राजा आहे. पुढे जाऊन तिथल्या प्रोग्रेस पार्टीला त्यांनी किरकोळ टोकाचे लोक ठरवलं. ती पार्टी त्या वेळी सरकारात होती! नॉर्वेला जाणं हुकलं. पण कथा इथे संपत नाही, २०२२ मध्ये बायडन यांनी त्यांनाच ग्रीसचं राजदूत केलं.

त्याच सुमाराला हंगेरीसाठी निवडलेल्या कॉलीन बेल या टीव्ही मालिकेच्या निर्मात्या. हंगेरीत अमेरिकेचे हितसंबंध काय, या प्रश्नावर चाचपडत राहिल्या. त्या मात्र गेल्या हंगेरीला.

आणि सगळ्यांचे आजोबा म्हणजे मॅक्सवेल ग्लक, १९५७, आयझेनहॉवर यांनी सिलोनसाठी निवडलेले. सिनेटर फुलब्राइट यांनी विचारलं, भारताचे पंतप्रधान कोण? म्हणाले, माहीत आहे पण उच्चार येत नाही. बरं, सिलोनचे पंतप्रधान? ते नावही सांगता येईना. आता बंडारनायके हे नाव अवघड आहे मान्य, पण 'नेहरू'?? दोन अक्षरं कमी असती तर नावच उरलं नसतं.

खंडेराव

लिंबूटिंबू :-D

निक्सनही जोडा. व्हाइट हाउसमधल्या टेपवर १९७१ सालचं त्यांचं बोलणं आहे की राजदूत व्हायचंय त्याने किमान अडीच लाख डॉलर द्यायलाच हवेत. भाव ठरलेला. त्यांचे वकील आणि निधी गोळा करणारे हर्बर्ट कामबाख यांना पुढे तुरुंगात जावं लागलं, त्यात राजदूतपदाचं आमिष दाखवल्याचाही गुन्हा होता.

पण दुसरी बाजूही आहे. पामेला हॅरिमन डेमोक्रॅटिक पक्षासाठी निधी गोळा करणाऱ्या बड्या बाई. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये पॅरिसला पाठवलं. सगळे म्हणाले, बक्षिसी. पण त्यांनी काम चोख केलं असं फ्रेंचही मानत. कारण सोपं आहे : फोन उचलला तर थेट राष्ट्राध्यक्ष लाइनवर. यजमान देशाला कधी कधी असाच राजदूत हवा असतो. तीस वर्षं फायली चाळलेला मुत्सद्दी दहा टेबलांवरून जातो.

तिरकी रेघ

खंडेराव, मग हेच दुधारी नाही का? गॉर्डन सोंडलंड. ओरेगनचे हॉटेलवाले, ट्रम्प यांच्या शपथविधी समितीला दहा लाख डॉलर, मग युरोपीय संघातले राजदूत. युक्रेन युरोपीय संघात नाही, तरी तेच युक्रेनच्या भानगडीत. का? तर थेट फोन. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये महाभियोगाच्या सुनावणीत त्यांनीच शपथेवर सांगितलं की होय, युक्रेनच्या अध्यक्षांना व्हाइट हाउसची भेट आणि बदल्यात ट्रम्प यांना हव्या त्या चौकशीची घोषणा, अशी देवाणघेवाण होती. मुरलेल्या मुत्सद्द्याने असं काम हाती घेतलं नसतं, आणि घेतलं असतं तर इतक्या सरळपणे कबूलही केलं नसतं.

सुगरण पक्षी

मी गेली सोळा वर्षं अमेरिकेत आहे, म्हणून थोडं प्रत्यक्षातलं.

आधी एक माहिती, कारण इथले नवीन लोक यात फसतात. एच-१बी वर असाल तर अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी शाळा मंडळाच्यासुद्धा, देणगी देता येत नाही. परदेशी नागरिकांना पूर्ण बंदी आहे. मित्राने "मी माझ्या नावावर देतो, तू मला नंतर दे" म्हटलं तर तो गुन्हा आहे. ग्रीन कार्ड मिळालं की मात्र देणगी देता येते. गंमत बघा, मत देता येत नाही पण पैसे देता येतात.

ग्रीन कार्ड झाल्यावर मी पहिल्यांदा एका निधीसंकलनाच्या संध्याकाळी गेले. प्रतिनिधीगृहाचा उमेदवार, ओळखीच्या एकांच्या घरी चाळीसेक माणसं, ५०० डॉलर माणशी. उमेदवाराच्या शेजारी एक पोरगेलासा सहायक, हातात चिठ्ठ्या. माणूस जवळ आला की तो कानात नाव सांगायचा. मला वाटलं होतं कुणीतरी काहीतरी 'मागेल'. कुणी काही मागितलं नाही. सगळे नुसते *सांगत* होते. एका गृहस्थांनी एका देशाबद्दल दहा मिनिटं सांगितलं. विषय इतका बारकाईने माहीत असलेला त्या खोलीत दुसरा कुणी नव्हता, उमेदवार तर नव्हताच. तो मान डोलवत होता, मध्येच सहायकाला म्हणाला, "हे लिहून घे."

मला अजून वाटतं, तो उमेदवार विकला वगैरे गेला नाही. पण त्या देशाबद्दल त्याने आयुष्यात ऐकलेली ती पहिली दहा मिनिटं होती.

आणि असल्या संध्याकाळी त्यांच्या रोजच्या असतात. २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने नव्या खासदारांना दिलेलं दिवसाचं नमुना वेळापत्रक बाहेर आलं होतं. त्यात रोजचे चार तास देणगीदारांना फोन करण्यासाठी राखीव. समित्या आणि सभागृह मिळून दोन तास.

जुना खेळाडू

सुगरणताई, हा प्रतिसाद धाग्यातला सर्वात चांगला. माझं मत थोडं हललं आहे, पण थोडंच.

गणिताचा तास

सुगरण पक्षी यांच्या अनुभवाला एक प्रयोग जोडतो. जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोघा संशोधकांनी १९१ खासदारांच्या कार्यालयांकडे भेटीची वेळ मागितली. मागणारे खरेच देणगीदार होते. काही कार्यालयांना सांगितलं "मतदारसंघातले स्थानिक नागरिक", उरलेल्यांना "स्थानिक देणगीदार". बाकी पत्र तेच. देणगीदार म्हटल्यावर वरिष्ठ माणसांची भेट मिळण्याचं प्रमाण तिप्पट-चौपट झालं.

देणगीदारांनी किती दिले होते हे पत्रात नव्हतं. नुसता शब्द पुरला.

तिरकी रेघ

हाच माझा मुद्दा होता, मला नीट मांडता आला नव्हता. टलकच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच आहे. निर्णय महाग असतील, पण कान स्वस्त आहेत. आणि परराष्ट्र धोरणात कान फार महत्त्वाचा, कारण दुसऱ्या बाजूने बोलणारं कुणी खोलीत नसतं. आरोग्य विमा म्हटलं की डॉक्टर, रुग्णालयं, विमा कंपन्या, रुग्ण सगळे भांडायला येतात. केळ्यांच्या कोट्यावर भांडायला कोण येणार? म्हणून बाराखडींचं इराण कराराचं उदाहरण मला उलट सोयीचं वाटतं. तिथे सगळा देश बघत होता, राष्ट्राध्यक्षाने आपली सगळी पत पणाला लावली होती. अशा ठिकाणी पैसा हरतो. जिथे कुणी बघत नाही तिथे पाच लाखांतही भागतं.

अर्धा चहा

आमच्या माणसांनी केलं की लॉबिंग, दुसऱ्यांनी केलं की भ्रष्टाचार, असं तर नाही ना? २००५ ते २००८ च्या भारत-अमेरिका अणुकरारासाठी भारतीय वंशाच्या देणगीदारांनी काय कमी खासदारांचे उंबरे झिजवले? तेव्हा आपण सगळे टाळ्या वाजवत होतो.

खंडेराव

+१. आणि अडचणीचा भागही बोलू या. त्या कामात पुढे असलेले न्यूयॉर्कचे हॉटेल व्यावसायिक संत सिंग चटवाल, क्लिंटन दांपत्याच्या जवळचे. २०१० मध्ये पद्मभूषण मिळालं, त्यावरून तेव्हा वादही झाला. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या कोर्टात गुन्हा कबूल केला : दुसऱ्यांच्या नावाने १ लाख ८० हजार डॉलरहून जास्त देणग्या दिल्याचा. सुगरण पक्षी यांनी वर सांगितलेला 'माझ्या नावावर देतो' प्रकार तो हाच.

शेवंती

मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते, कबूल. अजूनही करार चांगला होता असंच वाटतं. पण मग मला एडेल्सनबद्दल राग आहे तो *पद्धतीचा* की *दिशेचा*, हे प्रामाणिकपणे सांगता येईना. दोन दिवस विचार करून लिहितेय हे.

बाराखडी

शेवंतीताई, हे लिहायला हिंमत लागते. _/\_

दप्तरी

उशिरा आलो. हे काही सुपर पॅकनंतरचं नवीन नाही. १९७० मध्ये आयटीटी या टेलिफोन कंपनीने चिलीत डावे नेते आयेंदे निवडून येऊ नयेत म्हणून सीआयएला दहा लाख डॉलर देऊ केले होते. हीच कंपनी १९७२ च्या रिपब्लिकन अधिवेशनासाठी चार लाख डॉलर देणार होती, आणि तिच्यावरचे एकाधिकारविरोधी खटले त्याच सुमारास सोयीस्कर मिटले. कंपनीच्या प्रतिनिधी डिटा बिअर्ड यांचा खासगी कागद पत्रकार जॅक अँडरसन यांनी छापला तेव्हा बोभाटा झाला. अधिवेशन सान दिएगोहून मायामी बीचला हलवावं लागलं.

१९९७ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या परदेशी देणग्यांचं प्रकरण गाजलं, तेव्हा जॉनी चुंग या व्यावसायिकाने म्हटलं होतं की व्हाइट हाउस भुयारी रेल्वेसारखं आहे, नाणं टाकलं की फाटक उघडतं. त्याच्याइतकं नेमकं कुठल्याही प्राध्यापकाने लिहिलेलं नाही.

गणिताचा तास

आता एक मुद्दा जो वर कुणी काढला नाही : पैसा बोलायला लावतो त्यापेक्षा *गप्प* जास्त बसवतो.

जून २०२४, न्यूयॉर्क. डेमोक्रॅटिक खासदार जमाल बोमन यांच्या विरोधात एपॅकच्या सुपर पॅकने पक्षांतर्गत निवडणुकीत जवळपास दीड कोटी डॉलर खर्च केले. प्रतिनिधीगृहाच्या एका जागेसाठी! बोमन गाझातल्या युद्धाचे कडवे टीकाकार, म्हणून राग. पण जाहिराती बघितल्या तर बहुतेकांत इस्रायलचं नावही नाही. मुद्दा काय, तर बोमन यांनी बायडनच्या पायाभूत सुविधांच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं होतं. ऑगस्टमध्ये मिसुरीत कोरी बुश, तीच तऱ्हा. दोघंही हरले.

(बोमन यांच्या स्वतःच्याही चुका होत्या. काँग्रेसच्या इमारतीत नसती आगीची घंटा वाजवून दंड भरला होता. नुसत्या पैशाने हरले म्हणणं खोटं ठरेल.)

क्रिप्टोवाल्यांच्या फेअरशेक या सुपर पॅकने त्याच वर्षी हेच केलं. कॅलिफोर्नियात केटी पोर्टर यांच्याविरुद्ध सुमारे एक कोटी डॉलर, जाहिरातीत क्रिप्टोचा उल्लेख नाही.

म्हणजे मतदाराला मूळ विषय कळतच नाही. ज्यांना कळायला हवं त्यांना मात्र बरोबर कळतं : उरलेले ४३४ खासदार. त्यांच्यावर एक डॉलरही खर्च करावा लागत नाही. याचा हिशेब कुठल्याही आयोगाच्या तक्त्यात सापडणार नाही, कारण न बोललेल्या वाक्याची पावती फाडत नाहीत.

जुना खेळाडू

हा खरा ठोसा. मान्य.

पण मस्कचं काय? ट्रम्पच्या विजयासाठी २५ कोटी डॉलरच्या वर दिले २०२४ मध्ये. इतिहासातल्या सर्वात मोठ्या देणगीदारांपैकी एक. निवडणूक झाल्याबरोबर झेलेन्स्कींच्या फोनवर हजर. आणि जून २०२५ मध्ये ट्रम्प आणि मस्क यांची जाहीर भांडाभांडी, एकमेकांची उणीदुणी चव्हाट्यावर. २५ कोटी शपथविधीनंतर सहा महिनेही पुरले नाहीत. देणगीदार मालक असता तर असं झालं असतं?

शेवंती

काका, भांडण झालं, पण यूएसएड परत उघडलं का? १९६१ मध्ये केनेडींनी स्थापन केलेली, परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था. फेब्रुवारी २०२५ मध्ये मस्क यांनी ती लाकडं भुगा करायच्या यंत्रात घातल्याची फुशारकी मारली, १ जुलैला उरलेसुरले कार्यक्रम परराष्ट्र खात्यात विलीन झाले. मेअखेर देणगीदार सरकारातून बाहेर पडला आणि जुलैत त्याचं काम पूर्ण झालं. मैत्री काही महिने टिकली, परिणाम किती वर्षं टिकतो बघू.

आणि मस्कच्या गोंगाटात बँकवाल्या मेलन घराण्याचे वारस टिमथी मेलन विसरू नका. ट्रम्प दोषी ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ मे २०२४ ला, ट्रम्पच्या बाजूच्या सुपर पॅकला पाच कोटी डॉलर. या गृहस्थांची मुलाखत शोधून दाखवा.

बाराखडी

यूएसएडबद्दल मतभेद आहे (मदतीच्या पैशाचा धंदा झाला होता, हेही खरं), पण तो वेगळा विषय. न निवडलेल्या माणसाने ते करावं का, यावर मी तुमच्या बाजूला.

अर्धा चहा

मग यावर उपाय काय? कायदा नाही का?

दप्तरी

कायदा आहे, त्याची व्याख्या आक्रसत गेलीय. १९७६ च्या बकली खटल्यापासून प्रचारावरचा खर्च म्हणजे अभिव्यक्ती. त्यानंतर कोर्टाने हळूहळू असं ठरवलं की भ्रष्टाचार म्हणजे फक्त रोखठोक देवाणघेवाण. कान मिळणं म्हणजे भ्रष्टाचार नाही.

सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या दोन खटल्यांत फरक दिसतो. पहिल्यात फ्लोरिडाच्या एका डॉक्टरने त्यांना मदत म्हणून सुपर पॅकला सहा लाख डॉलर दिले होते, आणि मेनेंडेझ यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या त्याच्या बंदर-कंत्राटासाठी परराष्ट्र खात्याकडे शब्द टाकला होता. २०१७ मध्ये ज्युरींचं एकमत झालं नाही, सरकारने पुढे प्रकरण सोडून दिलं. दुसऱ्यात घरात सोन्याच्या लगडी सापडल्या, मामला इजिप्तचा. २०२४ मध्ये दोषी, अकरा वर्षं. दोन्ही वेळी परराष्ट्र व्यवहार समितीशी संबंध. धनादेश फाडला तर संशयाचा फायदा, लगड दिली तर तुरुंग.

राहिला निवडणूक आयोग. सहा सदस्य, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, निर्णयाला चार मतं लागतात. बरोबरी होऊन प्रकरणं पडून राहणं हे ठरलेलं. २०२५ मध्ये तर कोरमच उरला नाही.

लिंबूटिंबू

कोणीतरी आता केळ्यांचं पुढे काय झालं ते सांगा. मी तेवढ्यासाठी थांबलोय.

तिरकी रेघ

एप्रिल २००१ मध्ये तडजोड झाली, युरोपने नियम बदलायचं मान्य केलं, अमेरिकेने शुल्क उठवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चिकिटाने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी लिंडनरच्या हातून गेली.

जुना खेळाडू

हा हा! म्हणजे शेवटी देणगी पाण्यातच गेली की. माझाच मुद्दा.

तिरकी रेघ

लिंडनरची गेली. पण शुल्क लागू होतं त्या दोन वर्षांत युरोपातून हँडबॅगा, चादरी मागवणारे अमेरिकेतलेच छोटे आयातदार दुप्पट किंमत मोजत होते. त्यांनीही वॉशिंग्टनला फोन केले असतील.

सुगरण पक्षी

उचलला असेल कुणा शिकाऊ पोराने.